नव्या कागदाला भोक

“पण गुरुजी, हे जाणार कधी?”

दोएन गुरुजी शेगडीवर हात शेकत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काय जाणार?”

“हे... सुनं सुनं वाटणं. किनू गेली तेव्हा वसंत ऋतू होता. माणसं येत होती, जात होती. कसेबसे दिवस काढले. पण आता पानं गळायला लागली, आणि घर खायला उठतं.”

किनू म्हणजे या समोर बसलेल्या मोकुबेईची मुलगी. पोर चार वर्षांची. तापाचं निमित्त झालं आणि गेली. आई तर तिच्या बाळंतपणातच गेलेली. आता घरात मोकुबेई एकटा.

आपल्याकडे शरद म्हणजे कोजागिरीचं चांदणं आणि आटीव दूध. जपानच्या त्या डोंगरात शरदाचं येणं वेगळं. आधी झाडं लाल होतात, मग वारा सुटतो, मग लोक दारं ओढून घेतात.

दारंही कागदाची! लाकडी चौकटींवर पांढरा कागद चिकटवायचा आणि थंडीच्या तोंडावर जुना काढून नवा लावायचा. मोकुबेईचा धंदाच तो. आणि त्याचा तोरा काय विचारता! “माझ्या कागदावर एक सुरकुती दाखवा, धंदा सोडतो,” असं भर बाजारात सांगायचा.

“तुम्ही मन कोरं करून देता म्हणे,” तो म्हणाला. “माझं द्या करून.”

घ्या! हा झेन मठात आला होता की धोब्याकडे, देव जाणे.

गुरुजी मात्र हसले नाहीत.

“माझ्या दाराचा कागद पिवळा पडलाय. तेवढा बदल आधी.”

मोकुबेई उठला. काम म्हटल्यावर त्याला जरा बरं वाटलं. त्यानं दार ओढ्यावर नेऊन जुना कागद धुऊन काढला. चौकटीला खळ लावली, नवा कागद अलगद अंथरला. मग तोंडात पाणी घेऊन त्यावर बारीक फवारा मारला, म्हणजे वाळताना कागद ताणून बसतो.

दुपार कलली तेव्हा दार जागेवर बसलं होतं. पांढरं शुभ्र.

“बघा गुरुजी. कुठं डाग? कुठं सुरकुती?”

गुरुजी आले. निरखून पाहिलं.

“वा! हात आहे बाबा तुझा.”

मग म्हातारा कमरेवर हात ठेवून, आई गं करत, दारापाशी उकिडवा बसला. त्यानं बोट तोंडात घालून ओलं केलं...

...आणि अगदी खालच्या चौकोनात खुपसलं.

कागदाला भोक पडलं.

“हात तोडून ठेवीन!” मोकुबेई ओरडला. “कितीदा सांगितलं, कागदाला हात...”



गुरुजी बोट तसंच धरून त्याच्याकडे बघत होते.

मोकुबेई दारासमोर खाली बसला. भोकातून गार वारा आत येत होता.



“रोज एक पाडायची,” तो म्हणाला. “अशीच. बोट ओलं करून. आणि मी रोज ओरडायचो. कागदवाल्याच्याच घराला भोकं, लोक काय म्हणतील... असं.”

“हं.”

“वसंतापासून घरातला कागद जसाच्या तसा आहे, गुरुजी. एक भोक नाही. एकसुद्धा नाही हो...”

आणि तो रडला. पोरीला पोचवून आला त्या दिवशीही असा रडला नव्हता. गुरुजींनी पाठीवर हात फिरवला नाही, की समजूत घातली नाही. रडू दिलं.

शेवटी मोकुबेईनं बाहीनं नाक पुसलं आणि खळीच्या वाडग्याकडे हात नेला. सवयच ती. भोक दिसलं की ठिगळ.

गुरुजींनी वाडगा आपल्याकडे ओढून घेतला.

“काय बघायची ती?”

“कुठं?”

“भोकातून.”



“...कधी विचारलं नाही.”

“मग बघ की.”

तो वाकला. एक डोळा मिटून, दुसरा भोकाच्या जवळ नेला.

“काय दिसतं?”

“काही नाही. पायरी आहे. पानं पडलीत.”

“अजून वाक,” गुरुजी म्हणाले. “ती लहान होती.”