कोल्ह्याच्या वहीतली नावं

माणसं या बाजूला यायच्या आधी रानात प्रत्येक घरावर नावाची पाटी असे, आणि नावं कोल्ह्याच्या वहीतून घ्यावी लागत. पहिल्या वर्षी एका बोरात नाव मिळे.

सुगरण पक्षिणीने नाव घेतलं, 'झुलतं घर'. वर्षभरात तिच्याकडे विणकाम शिकायला लांबून पाखरं येऊ लागली. वर्ष सरताच कोल्हा तिच्या बाभळीखाली आला.

"यंदा चाळीस बोरं."

"का?"

"नाव आता सगळ्यांच्या तोंडी आहे."

"ते तुझ्या वहीमुळे नाही. त्यासाठी माझी चोच झिजलीय."

"मग घारीला देतो. ती मागतेच आहे."

"दे. माझ्याकडून एक बोर मिळणार नाही."

सुगरणीने पाटी खाली टाकली आणि पाणवठ्यापासून बाभळीपर्यंत झुडपाझुडपाला गवताची गाठ मारली. तशी गाठ फक्त तिलाच येई. पाखरं गाठी बघत बरोबर पोचली. ते पाहून सशाने पाटी परत केली आणि वाटेवर आपली खूण ठेवली. मग मुंगसाने, मग साळिंदराने.

पुढच्या हंगामात कोल्हा एका बोराला दोन नावं द्यायला निघाला. पण कुठल्याच घरावर पाटी उरली नव्हती, आणि कोण कुठे राहतं हे त्यालाच विचारत फिरावं लागलं.