नवरीचा मामा

"सून तोंड उघडत नाही, ते एक बरं आहे. कारखान्याच्या ऑफिसात बसवायला अशीच हवी," सासूबाई आत सासऱ्यांना सांगत होत्या. मी चहाचे कप घेऊन दाराबाहेर उभी होते.

अशी मी आमच्या लोणच्याच्या कारखान्यात बसू लागले. "आमच्याकडे कामगार कुणी नाही, सगळी घरचीच माणसं," असं माझे सासरे, बाबा, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. राखीपौर्णिमेला कैऱ्या कापणाऱ्या बायका त्यांना राख्या बांधत आणि त्या भरल्या हाताचा फोटो भिंतीवर लागे. पगारवाढ, रजा असले विषय घरच्या माणसांत काढायचे नसतात, एवढाच तिथला नियम.

मे महिन्यात त्या बायकांपैकी इंदूबाई बाबांकडे आल्या. "दादा, पोरीचं लग्न आहे. चार दिवस रजा पाहिजे."

"ऐन कैरीच्या हंगामात? घरचं माणूस असं अडचणीत सोडून जातं का? गेलीस तर परत येऊ नकोस."

इंदूबाईंनी पदर तोंडाला लावला. विळ्या थांबल्या. तेवढ्यात बाबांचा डबा घेऊन सासूबाई आल्या. मग मीच बोलले.

"बाबा, खरंय. एकट्या इंदूबाईंना रजा देऊन भागायचं नाही. तुम्ही राखी बांधून घेतलीत, म्हणजे नवरीचे मामा झालात. मंगलाष्टकांना मामा पाठीशी उभा लागतो, आणि या सगळ्या तिच्या मावश्या. कारखान्याला कुलूप लावू. मामाचा आहेर आई ठरवतील. नाहीतर या कामगार आहेत, एवढं एकदा म्हणा. मग चार दिवसांची भरपगारी रजा मी आत्ताच लिहिते."