काशव्वाचं पहिलं ताट

थांबा पाहुणे, एवढ्यात ताट मागू नका. अकराचा ठोका पडू द्या. ती बघा, मालकांची, हत्तुऱ्यांची सून मधल्या टेबलाशी येऊन बसली. आधी ती जेवणार, सगळ्यांच्या देखत. मग तुम्हाला वाढणार. सोलापूरच्या या शिवगंगा भुवनात चार पिढ्या हाच नेम. केवढाही मोठा साहेब येवो, थांबतो.

याचं मूळ काशव्वापाशी. माझ्या आजेसासूनं तिला डोळ्यांनी पाहिलं होतं. तिच्याकडून ऐकलं तसं सांगते.

हॉटेल काढलं काशव्वाच्या नवऱ्यानं, मलकप्पा हत्तुऱ्यानं. रांधायची मात्र काशव्वा. घरची बाई परक्यांना दिसू नये म्हणून त्यानं चुलीपुढं जाड पडदा टाकला होता. भाकरी बाहेर यायची, थापणारीचा हातसुद्धा दिसायचा नाही. त्या पडद्यानंच घात केला. एका उन्हाळ्यात पेठेत जुलाबांची साथ आली. दोष विहिरीच्या पाण्याचा होता म्हणे, पण कुणीतरी उठवलं, मलकप्पाच्या आमटीत पाल पडली! पडद्याआड काय शिजतं, कुणी बघितलंय? चार दिवसांत बाकडी ओस पडली. मलकप्पा हॉटेल मोडून गावी जायची भाषा करू लागला.

काशव्वानं पडदा ओढून काढला. सिद्धरामेश्वराची शपथ घेतली, माझ्या पंगतीला कुणी बसेपर्यंत दिवसातून एकदाच जेवीन, तेही गिऱ्हाइकाच्या जागेवर.

बाईमाणसानं हॉटेलात बसायची तेव्हा रीत नव्हती. काशव्वा ताट घेऊन मधोमध बसली, तर बघायला ही गर्दी! समोरचा पानवाला बसलिंगप्पा ओरडला, “काय मलकप्पा, गिऱ्हाईक मिळंना म्हणून बायको बसवली व्हय?”

मलकप्पानं मान खाली घातली. काशव्वानं आमटीत भाकरी कुस्करली, घास गिळला आणि म्हणाली, “मामा, उद्या मी जित्ती दिसले तर तुम्ही जेवायला यायचं.”

दुसऱ्या दिवशी तिनंच हाक मारली, “मामा, जित्ती हाय! वाढू का?” लोक हसले, पायरी कुणी चढलं नाही. असे आठ दिवस गेले. एका जेवणावर राहूनही ती भाकऱ्या रोजच्या गिऱ्हाइकांपुरत्या थापायची आणि उरल्या की गाईम्हशींना घालायची.

नवव्या दिवशी विड्या वळणाऱ्या बाया कारखान्यात माल देऊन परतत होत्या. पुढं नरसव्वा. ती दारात थबकली.

“रोज एकलीच जेवतीस व्हय गं? चव तरी लागती का?”

“तू बस, मग लागंल.”

नरसव्वानं विड्या वळायचं सूप पायरीवर टेकवलं आणि आत जाऊन बसली. मागोमाग एकेक करत तीस बाया बसल्या. आमटी ओरपली, शेंगाचटणी मागून मागून घेतली, हसण्यानं वरचे पत्रे दणाणले. पुरुष पायरीशी गोळा झाले. बसलिंगप्पाही आला.

“काशव्वा, मलाबी वाढ की.”

“बायकांची पंगत उठू द्या, मामा. रांगेत थांबा.”

आणि तो थांबला! असं सांगतात, दिवस मावळेपर्यंत रांग हटली नाही. मलकप्पा स्वतः वाढत होता आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडत होता, “माझ्या बायकोच्या हातचं हाय! पोटभर खावा!” शपथ फिटली, तरी सगळ्यांच्या देखत पहिलं ताट जेवायचं काशव्वानं सोडलं नाही, आणि तिच्यामागं घरच्या सुनांनीही.

आजही या पेठेत बाजाराला आलेल्या बाईला भूक लागली, तर ती सोबतीला कुणाची वाट बघत नाही. सरळ आत येते, पिशवी टेकवते आणि चुलीपुढच्या बायांना हाक मारते, “वाढा गं!”