कुर्म्याचं छप्पर

कोयरमेट्टा या माडियांच्या गावात आलेला पाहुणा गावाच्या कडेची ती झोपडी पाहून हमखास थबकतो. तिला कुर्मा म्हणतात. पाळीच्या दिवसांत आणि बाळंतपणात बाईने वेगळं राहायचं ते घर. इतर गावांत कुर्मा म्हणजे मोडकं खोपटं. इथे मात्र त्याचं छप्पर गावात सगळ्यांत जाड आहे.

म्हणे, पूर्वी इथलाही कुर्मा चाळणीसारखा गळायचा. शाकारणी हे पुरुषांचं काम, आणि पुरुषाने कुर्म्याला हात लावायचा नाही. बाईने हात लावलेला चाले, पण बाईने छपरावर चढायचं नाही. झालं! दोन्हीकडून वाट बंद, आणि खाली बाळंतीण भिजते आहे. गावातल्या झुरू नावाच्या बाईच्या सुनेचं, चिन्नीचं, पहिलं बाळ तिथेच गारठून गेलं होतं. दुसऱ्या खेपेला चिन्नीला कळा सुरू झाल्या तेव्हा आभाळ भरून आलं होतं. झुरू पेरम्याकडे, म्हणजे गावच्या पुजाऱ्याकडे, धावली. तो म्हणाला, "रीत मोडता येत नाही. देव कोपन."

झुरू वाद घालत बसली नाही. तिने विळा कमरेला खोचला आणि थेट पेरम्याच्याच घरावर चढली. नवं कोरं गवत उपसून ती खाली फेकू लागली. सगळं गाव गोळा झालं. पेरमा ओरडला, "झुरू, उतर! देव गावाले खाईन!"

"कोपन तं माह्यावर कोपू दे. मी वरतंच हावो, त्याले जवळ पडन!"

पहिली पेंढी उचलली ती पेरम्याच्या बायकोने, असं सांगतात. "अवो, आपलं घर आहे ते!" तो म्हणाला.

"माही दोन लेकरं त्या कुर्म्यात गेली, तवा कोनाचं घर होतं?" ती म्हणाली आणि पेंढी डोक्यावर घेऊन कुर्म्याकडे चालू लागली. मग साऱ्याच बाया निघाल्या. पाऊस कोसळला तेव्हा कुर्मा शाकारून झाला होता, आणि चिन्नीचं बाळ कोरड्यात रडलं.

देव काही कोपला नाही. धान पिकलं, शिकारही मिळाली. पेरमा घर पुन्हा शाकारायला निघाला, तशी झुरू त्याच्या अंगणात येऊन उभी राहिली. "हातभर जागा उघडी ठेव," ती म्हणाली. "गळलं म्हंजे आठवन."

आजही कोयरमेट्ट्यात पहिलं गवत कुर्म्यावर चढतं, आणि ते बायाच चढवतात. त्याआधी कुणाच्या घरावर एक पेंढी पडत नाही. पेरमा कुणीही असो, त्याच्या छपरात हातभर जागा उघडीच असते. ती नेमकी कुठे ठेवायची, हे त्याची बायको ठरवते, आणि ती जागा दरवर्षी त्याच्या अंथरुणाच्या वरच येते.