हँबर्गचं टिपरू

खाडीकाठच्या एका गावात एक भोळा जावई होता. नाव दिगंबर, पण हाक दिगू. भोळा म्हणजे किती? सासूने एकदा सांगितलं, "जावईबापू, दुधावर जरा लक्ष ठेवा." त्याने ठेवलं. दूध उतू गेलं, चूल विझली, मांजर येऊन उरलेलं पिऊन गेलं. दिगूचं लक्ष काही हललं नाही.

बाकी माणूस गुणी. नेम तर असा की पाडाचा आंबा एका दगडात खाली. आणि सांगितलेलं कधी विसरायचा नाही. विसरला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

दिगू घरजावई होता. सासऱ्यांचं नाव काशिनाथ आरेकर. गाव त्यांना तात्या म्हणे, दिगू मामा म्हणे. तात्यांचा उभा जन्म बोटीवर गेला. देश बघितले पंचवीस, पण सांगायचे एकाच दिवसाबद्दल. बोट हँबर्ग बंदराला लागली होती. तिथल्या मैदानात चार केसाळ गोऱ्यांचा बँड वाजणार होता. त्या बँडचं नाव असं की उच्चारताना कवळी सैल व्हावी. तात्या आणि त्यांचा गोव्याचा दोस्त परेरा, दोघे गेले. शेवटच्या गाण्याला ढोल बडवणाऱ्याने आपलं एक टिपरू गर्दीत भिरकावलं आणि ते तात्यांनी झेललं.

टिपरू घरात होतं. काचेच्या कपाटात, लाल फडक्यावर. पण गावात विश्वास कोण ठेवणार? शाळेतून निवृत्त झालेले बेंडल मास्तर म्हणाले, "आरेकर, लोक जर्मनीतून घड्याळं आणतात. तुम्ही लाटणं आणलंत?"

झालं. अठरा वर्षं हे एकच वाक्य गावाला पुरलं. तात्यांनी पारावर तोंड उघडलं की समोरचा हाताने पोळ्या लाटून दाखवायचा. आम्हीही लाटल्यात, खोटं कशाला बोलू? तात्या आमच्याबरोबर हसायचे आणि घरी जाऊन कपाटापुढे उभे राहायचे. काकू म्हणजे त्यांची बायको सांगायची, हल्ली ते बोटीचं नावच काढत नाहीत. माणसाला फार लागलं होतं ते.

मग एक दिवस परेराचं पार्सल आलं. आत व्हिडिओ कॅसेट आणि चिठ्ठी. "काशी, त्याच दिवसाची फिल्म मिळाली. शेवटच्या गाण्याला तो टिपरू फेकतो, तेव्हा गर्दीत बघ. तीन सेकंद आहेस."

तात्यांनी चिठ्ठी चारदा वाचली. कॅसेट काही एकट्याने बघितली नाही. म्हणाले, "बघायची तर सगळ्यांनी मिळून. बेंडल पहिल्या रांगेत."

अडचण एकच होती. तात्यांचं व्हिडिओचं मशीन म्हातारं झालेलं. पुढे जायचं, मागे यायचं नाही. मध्ये थांबवलं तर फीत चावायचं. एकदा कॅसेट संपली की ती गुंडाळायला तालुक्याच्या व्हिडिओवाल्याकडे न्यावी लागे. म्हणजे आठवड्याला एकच खेळ, रविवारी दुपारी चारला.

पहिल्या रविवारी तात्यांनी दिगूला जवळ बसवलं. "जावईबापू, आज घरी माणसं येतील. माणसं दिसली की उठून उभं राहायचं, हात जोडायचे, 'या, बसा' म्हणायचं."

"बरं मामा. लक्षात ठेवतो."

आम्ही तीसेक जण ओटीवर बसलो. मास्तर पहिल्या रांगेत खुर्चीवर. दिगू टीव्हीला खेटून. बँड सुरू झाला. चार गोरे, कमरेपर्यंत केस, एकाच्याही शर्टाला बटण नाही. तासभर कॅमेरा त्या चौघांवरच होता. मास्तर म्हणाले, "यांना कुणी मारतंय का?" तात्या म्हणाले, "गातायत हो."

शेवटचं गाणं आलं. ढोलवाल्याने हात उगारला, टिपरू सुटलं, आणि कॅमेरा गर्रकन गर्दीवर फिरला. हजारो माणसं.

दिगू टीव्हीपुढे उठून उभा राहिला. हात जोडले. "या, या. बसा." मग मागे वळून म्हणाला, "मामी, चटया कमी पडणार."

तीन सेकंद गेले. आम्हाला दिसली ती दिगूची पाठ.

मास्तरांनी जाता जाता पोळी लाटून दाखवली.

आता जावयाला ओरडायची सोय नसते. जावई म्हणजे दहावा ग्रह. तात्यांनी दात आवळले, आवाज मऊ केला. "जावईबापू, ते चौघे आले तेव्हा कसे नाही उठलात?"

"ते वाजंत्री ना, मामा? ते कामाला आलेले. नंतर आले ते पाहुणे."

तात्या म्हणाले, "हे बघा. समोर गाणं चाललं की मांडी घालून गप्प बसायचं. काही झालं तरी हलायचं नाही आणि बोलायचं नाही."

"बरं मामा. लक्षात ठेवतो."

आणि ठेवलं. गुरुवारी देवळात भजन होतं. दिगू रामाबुवांच्या समोरच मांडी घालून बसला. बुवा गजरात रंगले, डोळे मिटले, पुढे झुकले. उपरण्याचं टोक समईवर गेलं. आधी धूर आला, मग जाळ दिसला. दिगू टक लावून बघत होता. हलला नाही, बोलला नाही. बाकीच्यांचे डोळे मिटलेले. शेवटी चटका बसला तेव्हा बुवांनी जागच्या जागी अशी उडी घेतली की मागच्यांना वाटलं देव अंगात आला. त्यांनी टाळ आणखी जोरात धरले.

बुवा वाचले, उपरणं गेलं. तात्यांना निरोप गेला. तात्यांनी दात आवळले, आवाज मऊ केला. "जावईबापू, तुम्हाला धूर दिसला होता?"

"पहिल्यापासून, मामा."

"मग?"

"गाणं चाललं होतं."

तात्यांनी भिंतीकडे बघून दहा आकडे मोजले. "हे बघा. धूर दिसला की आधी पाणी ओतायचं. कुणाला विचारायचं नाही. आधी पाणी, मग बोलणं."

"बरं मामा. लक्षात ठेवतो."

दुसरा रविवार. ओटी भरलेली. आज माणसं जरा जास्तच होती. तात्यांना वाटलं आपल्यासाठी आली. ती दिगूसाठी आली होती. पण दिगू कोपऱ्यात मांडी घालून शहाण्यासारखा बसला. तात्यांचा जीव भांड्यात पडला.

शेवटच्या गाण्याआधी त्या बँडवाल्यांनी मंचावर धूर सोडला. पांढरा, ढगासारखा. आधीच्या रविवारीही सोडला होता, पण तेव्हा दिगूला पाणी कुणी सांगितलं नव्हतं. आज दिगू उठला, आत गेला, कळशी आणली आणि टीव्हीच्या डोक्यावर रिकामी केली.

फट झालं. वीज गेली. अख्ख्या वाडीची गेली.

काळोखात दिगूचा आवाज आला. "आता बोलू का, मामा?"

टीव्ही दोन दिवस अंगणात उन्हात ठेवला, वालाच्या शेंगांशेजारी. तिसऱ्या दिवशी लागला, पण त्यातली माणसं हिरवी दिसायला लागली. बातम्या देणारी बाईसुद्धा हिरवी. मशीनने फीत चावली होती, ती तालुक्याच्या व्हिडिओवाल्याने सोडवून, गुंडाळून दिली. मास्तर रस्त्यावरून विचारून गेले, "आरेकर, लाटणं तरी कोरडं आहे ना?"

तात्यांनी या वेळी दिगूला कपाटापुढे नेलं. टिपरू दाखवलं. एवढं समजावलं तर पोराला अक्कल येईल, असं त्यांना वाटलं. "जावईबापू, तो धूर खोटा असतो. शोभेचा. त्याने काही जळत नाही. त्या धुराला घाबरून उठायचं नाही. आणि तिथली रीत अशी, की वरून फेकलेलं ज्याने झेललं, ते त्याचं. झेलायचं, कपाळाला लावायचं, घरी आणायचं. समजलं?"

"समजलं, मामा. लक्षात ठेवतो."

शुक्रवारी बेंडल मास्तरांच्या लेकीचं लग्न. मुलगी सात वर्षं दाखवून दाखवून जमलेलं स्थळ, त्यामुळे मास्तर हवेत होते. सकाळी मांडववाल्याचा टेंपो आला. वऱ्हाडासाठी गाद्या आणि उशा. टेंपोवरचा माणूस उशा खाली फेकू लागला. "झेला रे."

दिगू मदतीला गेलेला. त्याने पहिली उशी झेलली, कपाळाला लावली आणि घरी आणली. परत गेला. दुसरी झेलली, कपाळाला लावली, घरी. टेंपोवाला मला म्हणाला, "तुमच्या गावात उशीलासुद्धा नमस्कार करतात. संस्कार आहेत हो."

दुपारी जेवून वऱ्हाड आडवं झालं. नवऱ्या मुलाच्या मामांनी डोक्याखाली हात घातला तर खाली सतरंजी. त्यांनी विचारलं, "उशा नसतात का तुमच्याकडे?" मास्तर धावत बाहेर आले. शोधाशोध झाली. आणि सापडल्या तात्यांच्या ओटीवर, भिंतीला रांगेने लावलेल्या, बत्तीस उशा. दिगू शेवटच्या उशीला कुंकू लावत होता.

"अहो, या माझ्या उशा," मास्तर म्हणाले.

"झेलल्या मी," दिगू म्हणाला.

मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. लग्नघर म्हणून ते ओरडले नाहीत. तात्यांना एवढंच म्हणाले, "आरेकर, हा येता रविवार शेवटचा. दिसलात तर सगळ्यांदेखत हात जोडीन. नाही दिसलात तर ते लाटणं माझ्या घरी. लेक सासरी चालली, बायकोला पोळ्यांना उपयोगी पडेल."

तात्या "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पण त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. काकूला म्हणाले, "अठरा वर्षं लोकांनी मला खोटा म्हटलं. टिपरू गेलं तर मीच मला खोटा म्हणायला लागेन."

मग दात आवळले, आवाज मऊ केला. आवाज जरा जास्तच मऊ झाला होता. "जावईबापू, दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे राहिली असली, की ज्याची त्याला परत करायची. तो दिसला रे दिसला की लगेच. विचारत बसायचं नाही."

"बरं मामा. लक्षात ठेवतो."

आणि त्याने बत्तीसच्या बत्तीस उशा मोजून पोचवल्या. कुंकवासकट.

तिसरा रविवार. ओटी, अंगण, कुंपण, सगळीकडे माणसं. रामाबुवा नवीन उपरणं घेऊन आले होते. काकूने घरातली कळशी, तांब्या, भांडं, सगळं माडीवर नेऊन कुलूप लावलं. पाहुणे आले की उठायचं नाही, हे दिगूकडून सात वेळा वदवून घेतलं. तरी तिचं समाधान होईना. ती तात्यांना म्हणाली, "त्यांच्या हातात काहीतरी द्या. हात मोकळे राहिले की घात होतो."

तात्यांनी विचार केला. कपाट उघडलं. टिपरू दिगूच्या हातात दिलं. "जावईबापू, हे धरून बसा. माझी अब्रू आहे ही."

दिगूने दोन्ही हातांनी धरलं.

बँड सुरू झाला. चौघे हिरवे. गाणी झाली, दिगू बसून. धूर आला. आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला. दिगू बसून. शेवटचं गाणं लागलं. हिरव्या ढोलवाल्याने हात उगारला, टिपरू सुटलं, कॅमेरा गर्दीवर फिरला.

आणि तिथे एक काळा, काटकुळा पोरगा. खांद्यापर्यंत केस, फुलाफुलांचा शर्ट, तोंड उघडं. त्याने उडी मारली, टिपरू झेललं, कपाळाला लावलं आणि लहान पोरासारखा रडायला लागला. हिरवा होता, पण तात्याच होते. उघड्या तोंडात तात्यांचा तो पुढचा तुटका, अर्धा दातसुद्धा दिसला.

पहिली बोलली काकू. "अगं बाई, तो शर्ट. त्याचं मी पायपुसणं केलं."

बेंडल मास्तर खुर्चीवरून उठले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. तात्यांपुढे आले आणि खरंच हात जोडले. "आरेकर, चुकलो. अठरा वर्षं चुकलो."

तात्यांचे डोळे वाहत होते. मलाही भरून आलं. ज्यांनी ज्यांनी हवेत पोळ्या लाटल्या होत्या, ते सगळे आपापल्या हातांकडे बघत बसले. आम्ही सगळे तात्यांकडे बघत होतो. टीव्हीकडे बघत होता फक्त दिगू.

टीव्हीत गाणं अजून संपलं नव्हतं. ढोलवाला एकाच टिपरूने वाजवत होता. दुसरा हात रिकामा. तो इकडे बघत होता, तिकडे बघत होता, दुसरं टिपरू शोधत होता. आणि ते तर दिगूच्या हातात.

दिगू उठला.

"ओ दादा," तो म्हणाला, "तुमचं आमच्याकडे राहिलंय."

दिगूचा नेम मी सांगितलाच आहे. टिपरू बरोबर ढोलवाल्याच्या रिकाम्या हातावर गेलं. काच फुटली. टिपरू आत गेलं, तडतड झालं आणि टीव्हीतून धूर निघाला. काळा, खराखुरा.

"पाणी आणा," मास्तर ओरडले. पाणी माडीवर, कुलपात. माणसं दाराकडे धावली. रामाबुवांनी आधी उपरणं गोळा करून पोटाशी धरलं.

दिगू मात्र मांडी घालून बसला. "बसा, बसा," तो सगळ्यांना म्हणाला. "हा धूर खोटा असतो. शोभेचा."

मग तो तात्यांकडे वळला. तात्या अजून रडत होते, आता कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दिगूने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काही म्हणा, मामा," तो म्हणाला, "तुमची सर नाही त्याला. तुम्ही एका फेकीत झेललंत. त्याला काही झेलता आलं नाही."