राणी पाकोळीचं बाळ आणि बकुळचं बोट

आंबेखोल गावात बकुळ नावाची एवढीशी मुलगी राहायची. एवढीशी म्हणजे केवढी? लिंबाच्या रोपामागे बसली की नुसती लाल रिबीन दिसायची! घरात ती आणि आई, दोघीच. आई टोपलीत सोनचाफा, अबोली, मोगरा घेऊन दारोदार फिरायची. "फुलं घ्या हो, फुलं!" ही तिची गोड हाक ऐकली की दारं पटापट उघडायची. पण एकदा आईला मोठा ताप आला आणि जाताना मेला तिचा आवाजच घेऊन गेला. हाकेविना फुलं कोण घेणार? ती सुकून घरी यायला लागली, आणि पेजेत भात कमी, पाणीच जास्त झालं.

बकुळ काही रडत बसणारी नव्हती. शाळा सुटली की ती भिवाअण्णांच्या रोपवाटिकेत जायची आणि लिंबाच्या रोपांची पानं ओल्या फडक्यानं पुसायची. गिऱ्हाइकाला रोप कसं लख्ख दिसायला हवं ना!

एके दिवशी एका पानावर पाखराची शी दिसली. तपकिरी, पांढरी, ओलसर. "शी गं बाई!" म्हणत बकुळनं फडकं फिरवलं, तर काय, ती शी फडक्यावर चालायलाच लागली! थांबा, हसू नका. तिनं डोक्यावर दोन लालचुटुक शिंगं उगारली आणि असा उग्र वास सोडला की बकुळनं नाकच धरलं.

"अगंबाई, तू अळी होय? चुकलं हं माझं," ती म्हणाली. तिनं एक पान पुढे धरलं, अळीला त्यावर चढू दिलं आणि पुन्हा रोपावर सोडलं.

तोच पानांमधून निळी निळी झळाळी आली. समोर अंगठ्याएवढी इवलीशी परी! काळ्या मखमली पंखांवर आकाशाच्या निळाईचे ठिपकेच ठिपके.

"मी राणी पाकोळी परी. ते माझं बाळ आहे," परी लटक्या रागानं म्हणाली. "पाखरांनी खाऊ नये म्हणून मी त्याला असं घाणेरडं झबलं शिवलं, आणि तू पुसायला निघालीस! पण चूक कळताच सावरलीस. तुझी एक इच्छा पुरी करीन. मात्र एकच हं! बाळ फुलपाखरू होऊन पहिल्यांदा उडेल, तेव्हाच ती सांगायची. तोवर त्याला बोट लावायचं नाही. लावलंस, तर इच्छा तुझी राहणार नाही."

"नाही लावणार," बकुळ म्हणाली. काय मागायचं, ते तिचं केव्हाच ठरलं होतं. आईचा आवाज!

दुसऱ्या दिवशी भिवाअण्णा अळ्या मारायला राखेचं घमेलं घेऊन आले. बकुळ रोपाला पाठ लावून उभी राहिली.

"अण्णा, ह्याच्यावर राख नको. हे रोप मला द्या. मी महिनाभर सगळ्या रोपांना पाणी घालीन."

"एका अळीसाठी? वेड लागलं काय गं तुला?"

"लागू दे. पण राख नको."

अण्णांनी दटावलं, हसून बघितलं, डोळे वटारले. बकुळ जागची हलेना. "ने बाई, ने! तुझ्यापुढे हात टेकले," म्हणत त्यांनी रोप देऊन टाकलं.

मग काय विचारता! बाळ खाई, फुगे, कात टाकी, पुन्हा खाई. एका सकाळी तपकिरी झबलं जाऊन हिरवंगार अंग आलं. महाखादाड! रोप बोडकं होत आलं, तेव्हा बकुळनं शेजारून पपनसाची डहाळी मागून आणली आणि रोपाला टेकवून ठेवली. बाळ आपलं आपण पलीकडे गेलं. मुंग्या येऊ नयेत म्हणून तिनं कुंडी पाण्याच्या परातीत ठेवली. वीसेक दिवसांनी बाळानं खाणं सोडलं, कमरेला रेशमी दोरी बांधून घेतली आणि त्याचा इवलासा हिरवा कोष झाला. बकुळ रोज रोपवाटिकेत पाण्याच्या कळश्या वाही आणि घरी येऊन कोषापाशी बसे.

तेराव्या सकाळी कोष तडकला. आतून काळंनिळं, ओलं, चुरगळलेलं फुलपाखरू बाहेर आलं आणि डहाळीला लोंबकळलं. आई दारात उभी राहून बघत होती. आता पंख पसरायचे, सुकायचे, की झालं!

इतक्यात शेजारची कोंबडी फडफडत आली. परात लवंडली, कुंडी कलंडली, फुलपाखरू मातीत पडलं! आईनं धावत येऊन कोंबडी हाकलली. पण फुलपाखराला काही चढता येईना. लोंबकळल्याशिवाय पंख उलगडत नाहीत, आणि चुरगळलेले तसेच सुकले तर ते जन्मात उडणार नाही. बकुळनं काडी पुढे केली, त्याचे पाय घसरले. पान धरलं, पुन्हा घसरले.

बकुळनं आईकडे पाहिलं. मग तिनं ओठ घट्ट मिटले आणि आपलं बोट पुढे केलं.

फुलपाखरू बोटावर चढलं आणि लोंबकळलं. बकुळनं हात उंच धरला. हात दुखला, मग मुंग्या आल्या, मग लाकडासारखा झाला. तासभर ती हलली नाही. निळे पंख हळूहळू उलगडले, पसरले, कोरडे झाले.

झळाळी आली. परी समोर उभी होती.

"बोट लावलंस."

"लावलं," बकुळ म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "पुन्हा पडलं तर पुन्हा लावीन."

"इच्छा आता तुझी राहिली नाही, बकुळ," परी हळूच म्हणाली. "ज्याला बोट लावलंस, त्याची झाली. बघू या, माझं बाळ काय मागतं."

फुलपाखरू उडालं. अंगणभर एक गिरकी घेऊन ते थेट आईच्या गळ्याशी जाऊन टेकलं. क्षणभरच! मग पंखांची निळी लकेर उमटली, सगळं अंगण निळ्या उजेडानं भरून गेलं, आणि परी त्या उजेडात दिसेनाशी झाली.

बकुळ तशीच उभी होती, हात वर करून.

"बकुळे," आई म्हणाली, "हात खाली घे गं, बाय. किती वेळ धरलायस!"