गेनबाचं कडं

माणसानं कोंबड्या शेडात कोंडायला नुकतीच सुरुवात केली होती, तेव्हाची गोष्ट. एका कोंबडीच्या पोटात गेनबा नावाचा गरीब जंतू राहायचा. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

कोंबड्या धडधाकट असल्या तरी मालक 'असू दे आपलं' म्हणून रोज त्यांच्या पाण्यात औषध कालवायचा. त्यात गेनबाचं सगळं गणगोत मेलं. तो तेवढा वाचला, कारण त्याच्या अंगात एक कडं होतं. ते असलं की औषध बाधत नसे.

एके दिवशी दाण्याबरोबर एक दांडगा जंतू आत आला. "गेनबा, मलाही दे की कडं."

जंतूंची रीतच अशी, की मागेल त्याला तसंच दुसरं कडं घडवून द्यायचं. तरी गेनबा घुटमळला. "तू कोंबडीला छळशील."

"कोंबडीचं कोंबडी बघेल. तुझं काही कमी होतंय का?"

"तेही खरंच," म्हणत गेनबानं कडं दिलं.

आठवड्यात दांडग्याची पिलावळ माजली आणि कोंबडी मलूल होऊन पडली. मालकानं धावत येऊन दुप्पट औषध पाजलं. त्यानं जंतू एकही मेला नाही. कोंबडी मेली.

गेनबाच्या भोवतीची ऊब हळूहळू ओसरली. गारठता गारठता त्यानं कडं चाचपलं. ते शाबूत होतं.